खोलीपेक्षा गार कप

शाळेला बर्फाची सुट्टी मिळावी म्हणून मुलं आदल्या रात्री पायजमे उलटे घालून झोपतात आणि संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडतात. थोरा ब्यार्नासननं लहानपणी हे केलं होतं, तिच्या आईनंही केलं होतं. आता मात्र उलट्या पायजम्याला फळ येईनासं झालंय. वादळ येतं, शाळेच्या बस जागच्या जागी उभ्या राहतात, पण सुट्टी काही मिळत नाही. मुलं घरच्या घरी शाळेचे लॅपटॉप उघडतात आणि वर्ग भरतो. आठवीतला कर्बी म्हणायचा, जगात एकच गोष्ट फुकट मिळत होती, मोठ्यांनी तीही काढून घेतली.

थोरा आठवीला विज्ञान शिकवायची. त्या सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती खरी, पण तिला एका जागी बसवत नव्हतं. उठायची, केटली लावायची, पाणी उकळायच्या आत परत पडद्यापाशी यायची. खिडकीबाहेर काहीच उरलं नव्हतं. कुंपण नाही, रस्ता नाही, पलीकडचं तळं नाही. नुसतं पांढरं, आणि तेही आडवं धावणारं. मॅनिटोबात जन्म काढूनही या पांढऱ्याची तिला सवय झाली नव्हती. घराला वारा लागला की चिमणीतून कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज यायचा.

तिच्या अस्वस्थपणाला आणखी एक कारण होतं. सगळ्यांनी मिळून भरायचा एक तक्ता तिनं तयार केला होता आणि तो आज पहिल्यांदा वादळात वापरला जाणार होता. प्रत्येक मुलाच्या नावाची एक ओळ. मुलांनी घरी कपभर कढत पाणी घ्यायचं, शाळेनं दिलेला थर्मामीटर त्यात सोडायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी दोन आकडे भरायचे. एक कपाचा, दुसरा खोलीचा. खोलीचा आकडा भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर बघायचा. शेजारी आलेख आपोआप निघत जाणार. बावीस घरांतले बावीस कप एकाच वेळी गार होताना दिसणार. वर्गात हे कधी जमलं नसतं, कारण वर्गाला खोली एकच असते. तक्ता नीट चालला तर पुढच्या महिन्यात विनिपेगच्या बैठकीत तो इतर शिक्षकांना दाखवायचा होता. मुख्याध्यापिकेनं तसं कबूलही करून टाकलं होतं, थोराला न विचारता.

तक्त्याला तिनं थोडी अक्कल दिली होती. खोलीच्या रकान्यात कुणी चाळीसच्या वरचा आकडा टाकला तर चौकट लाल व्हायची. पंधराच्या खालचा टाकला तर पिवळी. मधला असला तर पांढरीच राहायची. लालची गरज तिला पुरेपूर ठाऊक होती. इथल्या माणसांचं तापमानाच्या बाबतीत दोन घरांत पाय ठेवल्यासारखं आहे. बाहेरची थंडी ती सेल्सिअसमध्ये सांगतात आणि घरातली ऊब फॅरनहाइटमध्ये. बाहेर उणे अठ्ठावीस, आत सत्तर. आणि यात काही विचित्र आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

झालंही तसंच. वर्ग भरल्याबरोबर खोलीचा रकाना गोवर आल्यासारखा लाल झाला. अडुसष्ट, सत्तर, बहात्तर. थोरानं एकच शेरा लिहिला आणि झरझर सगळ्या लाल चौकटींना चिकटवत गेली: हे फॅरनहाइट आहे, सेल्सिअस करा. कर्बीनं त्याखाली लिहिलं, की मिसेस बी, हे सेल्सिअस असतं तर एव्हाना आमची आजी शिजली असती. सात जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. मग एकेक चौकट पांढरी होऊ लागली आणि थोराच्या खांद्यांवरचा ताण जरा सैल झाला. ती आकड्यांकडे बघतच नव्हती. ती रंग बघत होती.

रोशेल लाव्हालेची चौकट पांढरी व्हायला सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. लाल होती, मग मिनिटभर पिवळी झाली, मग पांढरी. रोशेल म्हणजे तेरा वर्षांची, कमी बोलणारी, वहीत समासाची रेघ दोनदा ओढणारी मुलगी. हिशेब करताना चुकली असेल आणि स्वतःच सुधारलं असेल, एवढंच थोराला वाटलं, आणि ती पुढच्या ओळीकडे वळली.

दुपार जवळ आली तेव्हा आलेखावर बावीस रेषा खाली उतरत आल्या होत्या. सुरुवातीला घाईनं, मग रेंगाळत, आणि शेवटी एकेक करून विसाच्या आसपास आडव्या होत. हेच तर दाखवायचं होतं. गरम वस्तू भोवतालच्या तापमानापर्यंत येते आणि तिथं थांबते. थोरा उभ्या उभ्याच बघत होती, हातातला टोस्ट तसाच होता. एकवीस रेषा थांबल्या. एक थांबली नाही. ती बाकीच्यांच्या खालून निसटली आणि उतरतच राहिली.

रेषा रोशेलची होती. थोरानं शेरा लिहिला, कप खिडकीत ठेवला आहेस का, टेबलावर ठेव. उत्तर लगेच आलं, की टेबलावरच आहे. मागोमाग कर्बीनं लिहिलं, की रोशेलचं टेबल बहुतेक तळ्यावर आहे. कुणीतरी त्यावर माशाचं चित्र टाकलं.

थोरा बसली. मग पुन्हा उठली.

रोशेलच्या ओळीत खोली वीस आणि कप बारा होता. पाण्याची वाफ होते तेव्हा कप खोलीपेक्षा एखाददोन अंश गार होऊ शकतो, हवा फार कोरडी असली तर तीनचार. आठ नाही. थर्मामीटर बिघडला म्हणावा तर काल वर्गात तिनं सगळे थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून पाहिले होते, सगळ्यांनी शून्य दाखवलं होतं. मग तिचं लक्ष खोलीच्या रकान्याकडे गेलं. वीस, वीस, वीस, वीस. सकाळपासून एकदाही एकोणीस नाही, एकदाही एकवीस नाही. बाहेर असलं वारं सुटलेलं असताना कुठल्याही घराची हवा इतकी शहाण्यासारखी वागत नाही.

तक्त्याच्या पोटात खोडलेले आकडेही राहतात. कुणी आधी काय लिहिलं, मग काय केलं, सगळं मागे जाऊन बघता येतं. थोरानं रोशेलची पहिली चौकट मागे नेली. आधी बावन्न. चौकट लाल. मग अकरा. चौकट पिवळी. मग वीस.

बावन्न. अडुसष्ट, सत्तर, बहात्तरच्या रांगेत बावन्न उभं होतं आणि तिनं त्यालाही तोच शेरा चिकटवला होता. मुलीनं मुकाट्यानं सेल्सिअस केलं होतं, बरोबर केलं होतं. तक्त्यानं तिला पिवळं करून सांगितलं की हे चूक आहे. मग तिनं चौकट पांढरी होईल असा आकडा शेजारच्या ओळीतून उचलला होता.

सकाळी अकरा अंश असलेल्या घरात आता किती असेल, हे कपाकडे बघून कळत होतं. बारावर येऊनही कप अजून उतरत होता, म्हणजे घर त्याहून गार.

पहिल्यांदा तिनं शेऱ्यातच लिहायला घेतलं आणि दोन शब्द लिहून पुसून टाकलं. तिथं एकवीस मुलं वाचत बसली होती. लाव्हालेंच्या घरी फोन नव्हता. एकच मोबाइल होता, तो आई जीनीनकडे असायचा. आणि जीनीन शहरातल्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. तिथवरचा रस्ता कालपासून बंद होता. म्हणजे जीनीन तिथंच अडकली असणार, आणि घरी रोशेल आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ टेओ, दोघंच. हे सगळं थोराच्या डोक्यात एकामागोमाग एक लागत गेलं.

तिनं एक नवा कोरा तक्ता उघडला, फक्त रोशेलला त्यात घेतलं, आणि पहिल्या चौकटीत लिहिलं:

"रोशेल, मी मिसेस बी. इथं फक्त तू आणि मी आहोत. तुमची घर तापवायची भट्टी बंद पडली आहे का?"

खालच्या चौकटीत रोशेलचं नाव उमटलं, उभी रेघ लुकलुकली, पण अक्षर काही आलं नाही. मग आलं.

"नाही. सगळं ठीक आहे."

"आई आहे घरी?"

"अंघोळ करतेय."

"मग बाहेर आली की तिला दोन ओळी लिहायला सांग. मी थांबते."

उभी रेघ लुकलुकत राहिली. थोरा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. चिमणीतला आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिला वाटलं, मुलगी लॅपटॉप मिटून टाकणार. मिटला की संपलं, मग तिच्यापर्यंत पोचायला दुसरी वाट नाही. म्हणून तिनं ओरडायचं नाही असं ठरवलं, आणि लिहिलेलं वाचून बघितलं, त्यात ओरडणं तर नाही ना.

"तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. तू सकाळी लिहिलेला अकरा बरोबर होता. चूक माझ्या तक्त्याची होती."

उत्तर आलं.

"आईला सांगू नका. तिला कळलं तर ती गाडी काढेल. मागच्या वर्षी काढली होती आणि खड्ड्यात गेली होती. आणि ऑफिसलाही सांगू नका. ते लोक येतील."

ते लोक म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. लाव्हालेंच्या आजीला तिच्या लहानपणी असेच सरकारी लोक आईबापांकडून काढून घेऊन गेले होते, आणि त्या तळ्याकाठी तिच्या समाजाचं असं एकही घर नव्हतं जिथं ही गोष्ट दारं लावून सांगितली जात नव्हती. थोरा स्वतः आइसलँडच्या कोळ्यांची पणती. तिच्या घरी असल्या गोष्टी नव्हत्या. म्हणूनच तिला काय लिहावं ते सुचेना. शिक्षिका म्हणून तिला कळवणं भाग होतं, आणि नाही कळवणार असं वचन ती देऊ शकत नव्हती.

ती हे जुळवत होती, तेवढ्यात पलीकडच्या तक्त्यात रोशेलच्या ओळीत नवा आकडा पडला. एवढं होऊनही मुलीनं प्रयोग सोडला नव्हता. कप: चौदा.

बारानंतर चौदा. थोराच्या जिवात जीव आला. भट्टी चालू झाली असेल. अर्धं मिनिट ती तशीच उभी होती, आणि मग तो आलेला जीव परत गेला. भट्टी चालू झाली असती तर मुलगी म्हणाली असती. गार होत चाललेलं पाणी आपलं आपण तापत नाही.

"भिंतीवर आत्ता किती आहे?"

"अठ्ठावन्न. वाढतंय. मी सांगितलं ना, ठीक आहे."

"कशानं वाढलं?"

"मासेमारीच्या खोपटातला हीटर आणलाय. गॅसचा. मला लावता येतो, मी दरवर्षी लावते."

हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर लाकडी खोपटं ओढून नेतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात, आणि आत तो छोटा हीटर पेटवतात. खोपटाच्या फटींतून वारा खेळत असतो. घराच्या मात्र फटी बुजवलेल्या असतात, आणि आज तर बाहेरून बर्फही लिंपलेला होता; जळत्या गॅसचा विषारी वायू आतच कोंडणार होता.

"टेओ काय करतोय?"

"झोपलाय. मघाशी डोकं दुखतंय म्हणून रडत होता, आता शांत आहे."

थोराच्या बोटांनी आपणहून लिहिलं, "विषारी वायूचा अलार्म?"

"त्याची बॅटरी टेओच्या गाडीत आहे."

तिनं चारच वाक्यं लिहिली, एकाखाली एक, आणि प्रत्येक वाक्य लिहिल्याबरोबर पाठवलं. हीटर आत्ता बंद कर. दार उघड, सताड. टेओला उठव, उठला नाही तर ओढत दारापाशी ने. मग इथं येऊन लिही.

रोशेलच्या नावाची उभी रेघ नाहीशी झाली.

थोरानं मदतीच्या नंबरला फोन लावला. तिथल्या बाईनं शांतपणे सगळं उतरून घेतलं आणि सांगितलं, की रुग्णवाहिका निघेल, पण बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागून, आणि ती गाडी सध्या हमरस्त्यावर आहे. किती वेळ, ते तिला सांगता येत नव्हतं. मग थोरानं आर्मांला फोन केला. आर्मां शाळेची बस चालवायचा. लाव्हालेंच्या घरापासून अर्ध्या मैलावर राहायचा. मुलं त्याला मोनोंक म्हणायची, त्यांच्या भाषेत काका. तो दुसऱ्या घंटीला फोनवर आला आणि थोराचं अर्धं वाक्य ऐकून म्हणाला, "स्नोमोबाइल गोठ्यात आहे. कुंपण धरून जातो."

"दिसेल का कुंपण?"

"दिसणार नाही. हाताला लागेल." आणि त्यानं फोन ठेवला.

कोऱ्या तक्त्यात काहीच नव्हतं. पलीकडे वर्गाच्या तक्त्यात मात्र वर्दळ होती. कुणाचा कप मांजरानं सांडला होता आणि ते गैरहजेरीत धरणार का, असं विचारलं होतं. कर्बीला जेवायला जायचं होतं. थोरानं सगळ्यांना जेवायला सोडलं. नावं एकेक करून मिटली. तिनं ती मोजली नाहीत, तरी एक कमी होतं हे तिला दिसत होतं. ती टेबलाभोवती फिरली. दाराशी गेली, दाराच्या कडीला हात लावला, परत आली.

मग चौकटीत अक्षरं आली.

"उघडलं. तो रडतोय. ओकला."

"रडू दे. त्याला पांघरूण गुंडाळ आणि उंबऱ्यात घेऊन बस. चेहरा बाहेर. तुझाही. मोनोंक आर्मां येतोय. लॅपटॉप जवळ ठेव आणि भिंतीवरचा आकडा लिहीत राहा. थांबू नकोस."

"कशाला?"

"म्हणजे मला कळेल तू जागी आहेस."

"चोपन्न," रोशेलनं लिहिलं.

जीनीनला सांगायचं की नाही, हा प्रश्न थोराला आता प्रश्न वाटेना. मुलं तिची होती. वृद्धाश्रमाच्या कचेरीत फोन लागला, कुणीतरी जीनीनला बोलवायला धावलं, आणि जीनीन आली ती धापा टाकतच. थोरानं जे होतं ते जसंच्या तसं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. पलीकडे किल्ल्या वाजल्या.

"जीनीन, कुठं चाललीस?"

"कुठं म्हणजे?"

"रस्ता बंद आहे. तू खड्ड्यात गेलीस तर बर्फ ढकलणारी गाडी आधी तुला काढत बसेल, आणि रुग्णवाहिका तिच्या मागे उभी राहील. तुझ्या मुलांच्या आधी तू."

"तू मला शिकवू नकोस, थोरा. तुझी मुलं नाहीत ती."

"नाहीत. पण ती आत्ता मला लिहितायत. फोनवर राहा, मी तुला वाचून दाखवते. तू निघालीस तर पुलापुढे तुझा फोन लागणार नाही, आणि तुला काहीच कळणार नाही."

किल्ल्यांचा आवाज थांबला, पण त्या खाली ठेवल्याचा आवाज आला नाही. तिच्या मागे कुठलासा म्हातारा कॉफी मागत होता.

"वाच," ती म्हणाली.

"चोपन्न. त्याच्याखाली एकोणपन्नास."

"म्हणजे कमी होतंय." तिचा आवाज चिरकला. "अगं, बाहेर उणे अठ्ठावीस आहे. गारठून मरतील ती."

"दार उघडं आहे म्हणून कमी होतंय, जीनीन. कमीच व्हायला हवं. वाढलं तर मला भीती वाटेल."

हे म्हणताना थोराला कळलं, की सकाळी जो आकडा उतरताना बघून ती फोनकडे धावली असती, तोच आता उतरावा म्हणून ती पडद्याला डोळे लावून बसली आहे. पंचेचाळीस आलं. तिनं वाचलं. बेचाळीस आलं. रोशेलनं त्यापुढे लिहिलं होतं, की टेओ म्हणतोय त्याचे पाय गेले. थोरानं तेही वाचलं. जीनीन हसली की हुंदका दिला, ते कळलं नाही. ती म्हणाली, तो नेहमी असंच म्हणतो, मोजे घालायचे नसले की. मोजे खालच्या खणात आहेत म्हणावं, पिवळे, लोकरीचे. थोरानं ते लिहिलं. नको, उठायला सांगू नको, असं जीनीन लगेच म्हणाली, आणि थोरानं ते पुसलं.

"एकोणचाळीस," थोरा म्हणाली.

मग काही आलं नाही.

"वाच ना."

"पुढचा आला नाहीये अजून."

"मघाशी लवकर लवकर येत होते."

"हो."

थोरानं लिहिलं, रोशेल. मग लिहिलं, रोशेल, आकडा. उभी रेघ शेवटच्या चौकटीत होती, लुकलुकत होती, म्हणजे लॅपटॉप उघडा होता, एवढंच. बोटं गारठली असतील. बॅटरी संपत आली असेल. पण बॅटरी संपली असती तर रेघही गेली असती. ती टेओला घेऊन आत गेली असेल, दार ओढून घेतलं असेल, आणि पुन्हा हीटर. थोरानं हे मनात एकेक करून मांडलं आणि एकही मोठ्यानं म्हटलं नाही. जीनीनच्या मागचा म्हातारा अजून कॉफी मागत होता आणि कुणीतरी त्याला दबक्या आवाजात गप्प करत होतं.

"थोरा, मी जाते."

"थांब."

"मी जाते, मला इथं उभं राहवत नाही."

"मलाही बसवत नाहीये. थांब. तू नाहीशी झालीस तर मी कुणाला वाचून दाखवू?"

चौकट हलली. एकेक अक्षर उमटू लागलं, मध्ये लांब लांब अंतर सोडून. लिहिणाऱ्याला यंत्राची सवय नव्हती, हे अक्षरांवरूनच कळत होतं. थोरा एकेक अक्षर उच्चारत गेली आणि शेवटी वाक्य झालं:

"मी आर्मां. दोघं माझ्या कोटात. पोरगा लाथा मारतोय. भट्टीचा धुराचा नळ बर्फानं बुजलेला, लाथ मारून मोकळा केला. हीटर बाहेर फेकला."

जीनीननं फोन कुठंतरी ठेवला असावा, कारण थोराला दूरवरून तिचं रडणं ऐकू आलं, आणि मग बराच वेळ वृद्धाश्रमातला टीव्ही. थोरा खुर्चीवर बसली. तिनं खाली लिहिलं, की भट्टी लगेच लावू नका, दार उघडंच ठेवा, रुग्णवाहिका आली की दोघांना तपासू द्या, रोशेल बरी दिसली तरीसुद्धा. आर्मांनं उत्तरादाखल नुसतं "हो" लिहिलं, आणि त्यापुढे तीन टिंबं, बहुतेक चुकून.

जीनीन फोनवर परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा झाला होता.

"तिनं तुला सांगितलं?"

"नाही. ती शेवटपर्यंत म्हणत होती सगळं ठीक आहे. तू अंघोळ करतेयस म्हणाली."

"मीच शिकवलंय तसं. कुणी विचारलं तर आई अंघोळ करतेय." तिनं कचेरीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "आता तू मुख्याध्यापिकेला सांगशील."

"सांगावं लागेल."

"काय सांगशील?"

"बर्फानं भट्टीचा नळ बुजला. तू कामावर अडकलीस. रोशेलनं भावाला उंबऱ्यात आणून बसवलं. माझ्या तक्त्यानं तिचा खरा आकडा चूक ठरवला, हेही सांगेन."

"आणि रात्री ती दोघं एकटी होती, ते?"

थोरानं पडद्याकडे बघितलं. आर्मांच्या वाक्याखाली पुन्हा रोशेलच्या नावाची रेघ लुकलुकत होती. तिला काहीतरी लिहायचं होतं आणि ती लिहीत नव्हती.

"मी आपणहून सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. सांगताना तू माझ्याबरोबर असावंस असं मला वाटतं, जीनीन. मुख्याध्यापिकेच्या खोलीत. मी एकटीनं सांगण्यापेक्षा."

"म्हणजे मी आपल्या पायांनी चालत तिथं यायचं."

"हो."

जीनीन म्हणाली, माझी रोशेल आत्ता काय लिहितेय ते बघ. थोरा म्हणाली, अजून काही नाही. मग दोघी फोन धरून थांबल्या, एक टेबलाशी आणि एक वृद्धाश्रमाच्या कचेरीत, आणि चौकटीत हळूहळू शब्द आले.

"मिसेस बी, तुम्ही आईला सांगितलंत."

"हो," थोरानं लिहिलं. "ती फोनवर आहे. निघाली नाहीये."

जीनीन विचारत होती, काय म्हणतेय, काय म्हणतेय ती, आणि थोराला वाचून दाखवायला पुन्हा काही नव्हतं. मग खाली एक आकडा आला, कुणी मागितलेला नसताना.

"एकोणचाळीसच," थोरानं वाचलं. "जागी आहे ती."